थोरली, धाकटी आणि एक राहिलेली ओळ

प्रिय वहिनी,

तुला आता वहिनी म्हणायचं की नाही, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आई म्हणते, कागदावर सह्या झाल्या, नातं संपलं. दादा वर्तमानपत्रात तोंड घालून बसतो. पण दादाची बायको होण्याआधी तू ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी होतीस, तुझं स्थळ या घरात मीच आणलं, तेव्हा तुला काय म्हणायचं ते मीच ठरवणार. वहिनी तर वहिनी. रागावलीस तर रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर फाडून टाकायची तुझी सवय मला ठाऊक आहे. आणि इतक्या वर्षांनी मेल सोडून मी कागद-पेन घेऊन का बसले, ते ओघात येईलच.

आपल्या ऑफिसची नोटीस तुला मिळाली असणार. ‘सेवेतून जाताना आपण यंत्रणेत हेतुपुरस्सर बिघाड पेरून ठेवल्याचा संशय आहे, शुक्रवारच्या आत लेखी खुलासा करावा.’ हेतुपुरस्सर! साध्या सुट्टीच्या अर्जात चार चुका करणाऱ्या साहेबांना हा शब्द बरोबर लिहिता आला, यावरून त्यांनी केवढी मेहनत घेतली ते बघ. तुझा खुलासा पटला नाही, तर नोटिशीची प्रत तुझ्या नव्या ऑफिसला जाणार आहे. म्हणजे तिथली नोकरी तर जाईलच, पण पुढे कुठल्याही सर्व्हर रूमचं दार तुला कुणी उघडणार नाही.

सगळं सुरू झालं विजेच्या कामापासून. आपल्या त्या बिनखिडक्यांच्या खोलीतली जुनी वायर बदलायला घेतली आहे, एका रविवारी डावी बाजू, पुढच्या पाळीला उजवी. डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. ही नावं तूच ठेवलीस. अख्ख्या शहरातून रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन या दोन सर्व्हरवर निम्मे निम्मे पडतात, म्हणून तू म्हणायचीस, एका घरात दिलेल्या दोन जावा आहेत, कामाची वाटणी ठरलेली आहे आणि एकमेकींशी पटतही नाही. तर डाव्या बाजूच्या कामासाठी थोरली बंद करावी लागली. तू गेल्यापासून ती एकदाही बंद झाली नव्हती. काम आटोपलं, बटण दाबलं, थोरली उठली, हिरवे दिवे लागले. आम्ही निवांत चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसं सुटली, रस्ते भरले, फोनची गर्दी सुरू झाली आणि थोरली कोसळली. हळू झाली, अडखळली, असं काही नाही. पडद्यावर नेटवर्क कार्ड हाकणाऱ्या प्रोग्रामच्या, त्या ड्रायव्हरच्या, चुकांची रांग लागली, मग अक्षरांचा नुसता पूर, आणि शेवटी ‘कर्नल पॅनिक’ एवढं म्हणून गप्प. घरी आईने विचारलं, कर्नल म्हणजे काय गं, कोण पडलं? मी म्हटलं, सगळं घर चालवणारं माणूसच चक्कर येऊन पडलं, तर दाराशी आलेल्यांना विचारणार कोण, तसं झालंय. आई माझ्याकडे बघत राहिली आणि भाजी चिरायला लागली. खरं सांगते, मी तुझ्याबद्दल बोलत नव्हते. पण तिला तसं वाटलं असावं.

काचेच्या भिंतीपलीकडे फोन घेणाऱ्या मुलींपैकी ज्यांचे फोन थोरलीवर होते, ते सगळे फोन एका क्षणात तुटले. मोठ्या आवाजाची ती, जिला आपण भोंगा म्हणतो, एका बाईशी बोलत होती. बाईचा नवरा जिन्यावरून पडला होता आणि ती पत्ता सांगत होती. भोंगाने अर्धा पत्ता तळहातावर लिहून घेतला आणि फोन गेला. ती उभी राहिली, काचेवर तो तळहात टेकवून माझ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाईने पुन्हा फोन लावला, तो नशिबाने धाकटीवर लागला, माणूस वाचला. पण प्रत्येक जण पुन्हा फोन लावण्याच्या अवस्थेत नसतो, वहिनी. तो तळहात माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर रोज तेच. दिवसभर थोरली गुणी बाळ. संध्याकाळी गर्दी वाढली की ती कोसळायची. ती पडली की सगळा भार धाकटीवर, आणि धाकटी धापा टाकायची. आम्ही केबल बदलली. कार्ड बदललं. तुझ्या जागी आलेला इंजिनिअर, त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात, मुलगा हुशार आहे आणि मनाने चांगला आहे, त्याने पंखेसुद्धा बदलले. नवं कार्ड घातलं तरी पडद्यावर त्याच ड्रायव्हरची तीच रड. साहेब दर अर्ध्या तासाने दारात येऊन विचारायचे, झालं का? जसं काही आम्ही आत दळण दळत होतो.

मग एके दिवशी साहेबच म्हणाले, ती जाता जाता काडी लावून गेली असणार. सरळ तुझं नाव घेतलं. ती होती तोवर सगळं नीट होतं, ती गेली, मशीन एकदा बंद-चालू केली आणि हे सुरू झालं, याचा अर्थ काय? मला इतका राग आला की हातातला स्क्रू ड्रायव्हर मी टेबलावर आपटला. पण वेळ जुळत होती, हे मलाही दिसत होतं.

घरी आले तर तिथेही तेच गाणं. आपलं मागचं दार आठवतं ना? तू गेलीस आणि ते लागेनासं झालं. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, ती गेली आणि जाताना दारसुद्धा बिघडवून गेली. त्या दिवशी ऑफिसमधून आल्यावर मी चिडून त्या दाराशी झटत होते, आणि कडीला धरून जरा वर उचललं तर ते गपकन लागलं. बिजागरी कधीची वाकलेली आहे. दार पहिल्यापासूनच बिघडलेलं होतं, वहिनी. तू रोज ते उचलून लावत होतीस, आणि आम्हाला वाटायचं दार चांगलं आहे. मी तिथेच पायरीवर बसले. आणि मला थोरली आठवली.

तोवर आम्ही शोधत होतो ते तू काय बिघडवलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उलटं शोधायला लागले, की तू काय सांभाळत होतीस. थोरली बंद होऊन उठली होती, धाकटी मात्र तू गेल्यापासून अखंड चालू. दोघी एकाच घडणीच्या, एकाच ड्रायव्हरच्या. मग एक रोज पडते आणि दुसरी तिचाही भार घेऊन उभी कशी राहते? मी दोघींच्या नेटवर्क कार्डांच्या सगळ्या सेटिंग्ज शेजारी शेजारी लावल्या आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले. सगळं सारखं. एक सोडून.

तुला कळलंच असेल कोणती. ती गाठोडी. डेटाची येणारी छोटी छोटी पुडकी कार्डाने आधी एकत्र बांधायची आणि मग मोठं गाठोडं करून आत द्यायचं, ती सोय. थोरलीवर ती चालू होती, धाकटीवर बंद. एरवी ती सोय चांगली, काम वाचतं. पण गर्दी उसळली की आपला हा ड्रायव्हर, तू जायच्या आठवड्यातच नवा घातलेला, गाठोड्याचं माप चुकतो, जागेपेक्षा मोठं गाठोडं आत ढकलतो आणि कर्नल आडवा होतो. ते तू ओळखलं होतंस. दोघींवर तू ती सोय हाताने बंद केली होतीस, पुडकं आलं की एकेक आत, थोडं हळू पण खात्रीचं. आणि हाताने दिलेली सेटिंग मशीन चालू असेपर्यंतच टिकते. बंद करून उठवली की पाटी कोरी.

मी तीच आज्ञा थोरलीवर टाइप केली. संध्याकाळ झाली, गर्दी आली, मी पडद्याला डोळे लावून बसले. चष्मेवाला माझ्यामागे उभा राहून नखं खात होता. चुकांची रांग लागलीच नाही. भोंगाचा आवाज काचेतून येत राहिला, आणि तो आवाज मला आयुष्यात पहिल्यांदा गोड वाटला. तुझी एवढी आठवण आली त्या क्षणी की काय सांगू.

एकच गोष्ट कळत नव्हती. तू ती ओळ मशीन सुरू होताना वाचते त्या फाइलमध्ये का लिहून ठेवली नाहीस? तू, जी चहात साखर किती घातली तेसुद्धा लिहून ठेवशील? आणि मग आपल्या खोलीचा नेम आठवला. आधी हाताने करायचं, एक पूर्ण गर्दी निभावलेली बघायची, मग लिहायचं. कारण त्या फाइलमध्ये चुकीची ओळ गेली तर मशीन उठतच नाही. मला पहिल्या दिवशी हे तूच शिकवलंस. तू हाताने केलंस, त्याच दुपारी राजीनामा दिलास आणि संध्याकाळी घरही सोडलंस. त्या आठवड्यात मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. गर्दी बघायला तू थांबणार कशी? राजीनामा मंजूर होताच साहेबांनी तुझं कार्ड, तुझा मेल, तुझं सगळं बंद केलं होतं.

हा माझा तर्कच राहिला असता. पण त्याच संध्याकाळी, गर्दी ओसरायची वाट बघत असताना, गेटवरच्या काकांना मी सहज तुझ्याबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, अहो ताई, राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या होत्या ना. म्हणत होत्या, काका, दहा मिनिटं आत सोडा, एक ओळ लिहायची राहिलीय. काकांनी साहेबांना आतून फोन लावला. साहेब म्हणाले, जे असेल ते मेलवर कळवा म्हणावं. मेल तर त्यांनीच बंद केला होता! काका म्हणाले, त्या बराच वेळ उभ्या होत्या, मग गेल्या. घर सोडलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वहिनी. सामान स्टेशनवर ठेवून आली असशील. घरातल्या कुणाचा फोन तू तेव्हा घेत नव्हतीस, माझाही नाही, आणि मी तुला दोष देत नाही. पण माझ्या घरातून तुटून निघालेली बाई त्या फोन करणाऱ्यांसाठी गेटवर उन्हात उभी राहिली, हे ऐकल्यावर मला रडू आलं. काकांना काय करावं कळेना, त्यांनी मला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

मी धावत साहेबांकडे गेले. वाटलं, आता तुझं नाव निघेल. सगळं समजावून सांगितलं, दोघींच्या सेटिंग्ज दाखवल्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, म्हणजे तिने लेखी परवानगीशिवाय चालू मशीनला हात लावला होता, हे तुम्ही मान्य करता. वहिनी, नोटिशीचा पाया मीच त्यांच्या हाती दिला. मी तुला सोडवायला गेले आणि माझ्याच तोंडून त्यांना हवं ते मिळालं. वर म्हणतात, तिने आणखी काय काय ठेवलंय देव जाणे, दोन्ही मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा, सगळं पुसून जाऊ दे. आत्ता म्हणजे ऐन संध्याकाळी! ते स्वतः खोलीत आले आणि धाकटीच्या कपाटाकडे निघाले. मी कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. त्यांना सांगितलं, गर्दी ओसरेपर्यंत मी हलणार नाही, हवं तर पोलीस बोलवा. काचेपलीकडून भोंगा आणि सगळ्या मुली बघत होत्या. शेवटी तेच वळले. पण जाताना म्हणाले, नणंद-भावजयीचा संसार घरी करायचा, इथे नाही.

म्हणून हे पत्र कागदावर, आमचे फोन तर तू अजूनही उचलत नाहीस. खुर्चीपर्यंत पोचले तोवर माझा मेल बंद झाला होता, कार्ड काकांनी खाली मान घालून काढून घेतलं. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं. आईने विचारलं, मी सगळं सांगितलं, गेटवरचंसुद्धा. दादाने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं नाही. त्याच्या वतीने मी तुला काही सांगणार नाही. आई उठून मागच्या दाराशी गेली. कडीला धरून उचललं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग डोळ्यांत थेंब घालून घ्यायला माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ती घालायची तेव्हा झोंबायचं नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते ऐक. मीही आपल्या नेमाने आधी एक गर्दी बघायला थांबले होते, आणि माझीही ओळ लिहायची राहिली. थोरली-धाकटी दोघीही आज फक्त हाताने दिलेल्या सेटिंगवर उभ्या आहेत. येत्या रविवारी उजव्या बाजूची वायर बदलणार, आणि साहेबांच्या हुकमाने दोघींना एकदम बंद करून उठवणार. सोमवारी संध्याकाळी दोघी एकाच वेळी पडतील, आणि पुन्हा फोन लावायला दुसरी नसेल. माझं कुणी ऐकत नाही, मी पडले तुझी नणंद, आणि माझं म्हणणं मांडायची तारीख मला पुढच्या महिन्यातली दिली आहे. चष्मेवाला म्हणतो, ताई, वरून कागदावर आलं तर पाच मिनिटांत लिहितो, नाहीतर माझीही मान अडकेल. वर जाऊ शकेल असा कागद सध्या एकच आहे, तुझा खुलासा. तो चौकशी समितीच उघडते, साहेब तिच्यात नाहीत, आणि तिला तो शनिवारी वाचावाच लागतो. पण त्यात ही ओळ लिहायची म्हणजे मशीनला हात तूच लावलास हे कबूल करायचं. सगळं नाकारलंस तर कुणी काही सिद्ध करू शकणार नाही, ती आज्ञा खोलीच्या सामाईक लॉगिनवरून दिलेली आहे. नाकारलंस तर मी तुला कधीच बोल लावणार नाही, त्यांनी तुझं काय ठेवलंय की तू त्यांचं राखावंस. पण मला तू माहीत आहेस. त्या सकाळी गेटवर तू दहा मिनिटं मागितली होतीस आणि कुणी दिली नाहीत. आता त्यांनीच नोटीस पाठवून ती तुला दिली आहेत. आत ये, वहिनी, आणि तुझी ओळ लिहून टाक.

तुझीच,
नणंद, जिचं कार्ड गेलं पण नातं नाही